मनगटावरचं पहिलं चांगलं घड्याळ

(मंडळाच्या संक्रांत स्नेहसंमेलनात दिलेलं भाषण. श्रोत्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)

तिळगूळ मघाशीच वाटून झालाय, त्यामुळे माझं बोलणं थोडं कडू लागलं तरी गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

कार्यकारिणीतल्या तरुण मुलांनी मला विषय दिला, "काका, रोज वापरायला पहिलं भारी घड्याळ कोणतं घ्यावं, यावर बोला." आमच्या ज्येष्ठांपैकी एकांनी लगेच विचारलं, "अरे, डिंडोलीत हा विषय कशाला? मोबाइलमध्ये वेळ दिसतेच की!" प्रश्न रास्त आहे. पण आज या सभागृहात बसलेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या मुलांच्या मनगटांकडे एकदा बघा. कुणी हिऱ्याच्या कंपनीत आहे, कुणी टेक्स्टाइल मार्केटमध्ये हिशेब बघतो, कुणाचं स्वतःचं एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे, कुणी बँकेत, कुणी माझ्यासारखा सरकारी नोकरीत. हातात चार पैसे आले की आपल्या मुलांना आता घड्याळ घ्यावंसं वाटतं. ही हौस वाईट नाही. ती कुणाच्या पैशाने आणि कशासाठी भागवायची, हे मात्र बोलायला हवं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मुलांना मायक्रोमीटर धरायला शिकवतो. त्यामुळे यंत्र म्हणून घड्याळ मला थोडंफार कळतं, आणि संसारी माणूस म्हणून त्याची किंमतही कळते.

आधी थोडं मागे जाऊ.

आपल्यातल्या बहुतेकांची घरं उधना-जळगाव मार्गावरच्या गाडीने इथे आली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, असं एकेक स्टेशन सोडत लूमच्या आवाजापर्यंत पोहोचली. त्या काळात घड्याळ कामगाराच्या हातावर नव्हतं, मालकाच्या भिंतीवर होतं. पाळी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे ती भिंत सांगायची.

हे फक्त सुरतेत होतं असं नाही. १९०६ मध्ये देशभर भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. काही गिरण्यांनी नवी वेळ धरली आणि कामगारांना एकदम ३९ मिनिटं आधी कामावर यायची पाळी आली. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मुंबईत ती जुनी 'मुंबई वेळ' पुढे १९५५ पर्यंत चालू राहिली. घड्याळ कुणाच्या ताब्यात आहे यावरून माणसं रस्त्यावर आली होती, हे लक्षात ठेवा.

मुंबईच्या बाजारात स्विस घड्याळं मात्र त्याच्याही कितीतरी आधी आली होती. फाव्र-लुबा या स्विस कंपनीने १८६५ मध्येच मुंबईत बस्तान बसवलं. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं लष्करी आणि रेल्वेच्या माणसांच्या हातावर असायची. त्यातलं 'सोवार' नावाचं घड्याळ, म्हणजे आपला स्वार, आजही जुन्या घरांमधून निघतं. पण ती घड्याळं साहेबांची, सावकारांची आणि अधिकाऱ्यांची. सामान्य माणसाच्या हातावर घड्याळ आलं ते एचएमटीमुळे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीच्या एका घड्याळाचं नावच 'जनता'. पुढे पायलट, सोना, कोहिनूर, कांचन अशी नावं घराघरांत गेली. टाटा आणि तमिळनाडूच्या औद्योगिक विकास महामंडळाने १९८४ मध्ये टायटन सुरू केली, होसूरला कारखाना काढला, आणि सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी एचएमटीला मागे टाकलं. अखेर २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, उधन्याच्या एका लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करायचे. त्यांनी एचएमटी घेतलं ते स्वतःच्या पगारातून, चाळीतल्या भिशीचा नंबर लागल्यावर. तेव्हा एचएमटी मिळवायलाही ओळख लागायची. लूमवर काम करणाऱ्याला घड्याळ कशाला, असं मुकादमाने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "पाळी संपल्याचं मला बी कळाले पाहिजे ना, साहेब." माझ्या मते आमच्या घरातलं ते पहिलं भारी घड्याळ. किंमत चारशेच्या आत होती.

आता कडू भागाकडे येतो.

ज्या १९६१ मध्ये एचएमटीचा तो करार झाला, त्याच वर्षी आपल्या देशात हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. आणि आपल्या समाजात काय झालं? घड्याळ, सायकल, रेडिओ हे तीन शब्द लग्नाच्या बैठकीत एका दमात म्हटले जायला लागले. आजच्या ज्येष्ठांपैकी अनेकांचं पहिलं घड्याळ सासरकडून आलेलं आहे. त्या काळाला मी नावं ठेवत नाही. सायकलची मोटरसायकल झाली, रेडिओ गेला, घड्याळ मात्र यादीत टिकून राहिलं. फक्त आता त्याच्यासोबत ब्रँडचं नाव सांगतात.

दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका बैठकीला मी होतो. मुलगा शिकलेला, पगारी, स्वभावाने चांगला. मागणी अशी कुणी केली नाही. मुलाच्या मामाने फक्त एवढंच म्हटलं, "आमची काही अपेक्षा नाही. पोराला घड्याळाची हौस आहे, स्वित्झर्लंडचं एखादं बघा म्हणजे झालं." मुलीचे वडील एम्ब्रॉयडरीच्या खात्यात मजूर. त्यांनी पतपेढीतून ऐंशी हजार काढले. लग्नानंतर वर्षभराने मी त्या घरी गेलो तेव्हा ते घड्याळ कपाटात, डबीत होतं. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं, हातावर नसलं की दीड-दोन दिवसांत थांबतं. ते थांबलेलं होतं. मुलगा म्हणाला, "ओरखडा पडेल म्हणून रोज घालत नाही." पतपेढीचा हप्ता मात्र दर महिन्याला चालू होता.

कायदा सांगतो की हुंडा घेणारा आणि देणारा, दोघांनाही किमान पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. पण मी वकील नाही. मला यंत्राच्या भाषेत सांगायचंय. ज्या घड्याळाला ओरखडा पडण्याची भीती वाटते, ते रोजचं घड्याळ नव्हे. आणि जे दुसऱ्याच्या कर्जातून आलंय, ते हातावर बिनधास्त घालवत नाही. म्हणून माझा पहिला नियम हा: पहिलं चांगलं घड्याळ आपल्या कमाईचं हवं. मागितलेलं नको, हप्त्यावरचंही नको.

मग किती पैसे घालायचे? आपल्याकडे म्हण आहे, नाकापेक्षा मोती जड. रोजच्या घड्याळाची किंमत एका महिन्याच्या हातात येणाऱ्या पगारापेक्षा जास्त नसावी, असा मी ठोकताळा धरतो. ते पैसेही आधी साठलेले हवेत. मी स्वतः महिन्याला अडीच हजारांचं रिकरिंग तीस महिने भरलं. पंचाहत्तर हजार आणि वर व्याज. तीस महिने थांबल्याचा एक फायदा सांगतो. सुरुवातीला जे घड्याळ डोक्यात होतं, ते शेवटी घ्यावंसंच वाटलं नाही. हौस साठवली की ती गाळून निघते.

बाजाराची पायरी साधारण अशी आहे. पंधरा-वीस हजारांच्या आत टायटन, सिटिझन, सायको यांची उत्तम घड्याळं मिळतात. ती घालणाऱ्याने मान खाली घालायचं काही कारण नाही. तिथून वर, लाखाच्या आत, टिसोसारख्या स्विस कंपन्यांची सुरुवातीची घड्याळं येतात. लाखाच्या वर लाँजिन, त्याच्या वर ट्यूडर, ओमेगा. आणि रोलेक्सचं स्टीलचं घड्याळसुद्धा कित्येक लाखांचं. 'स्विस मेड' या दोन शब्दांनाही कायदा आहे. २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. आतलं यंत्र स्विस हवं आणि अंतिम तपासणीही तिथेच व्हावी लागते. म्हणजे चाळीस टक्के बाहेरचं असू शकतं. तेव्हा त्या दोन शब्दांपुढे फार नतमस्तक होऊ नका.

एक हिशेब करून बघा. समजा साठ हजारांचं घड्याळ वीस वर्षं वापरलं. महिन्याला अडीचशे रुपये पडले. मधल्या काळात तीन वेळा सर्व्हिसिंग केलं आणि प्रत्येक वेळी आठ हजार गेले असं धरा, तरी महिन्याला साडेतीनशे. पण हा हिशेब रोज घातलं तरच खरा. वर्षातून चार लग्नांना घातलं तर प्रत्येक वेळेचा खर्च हजारापुढे जातो. भारी घड्याळ स्वस्त करायचा एकच मार्ग आहे, ते घालणं.

आता यंत्राकडे येऊ.

पहिला प्रश्न, सेलचं घ्यावं की ऑटोमॅटिक? क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्यामुळे हजार-दीड हजारांचं क्वार्ट्झ घड्याळसुद्धा महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही. ऑटोमॅटिकमध्ये सेल नाही. हात हलतो तसं आतलं वजन फिरतं, कमान गुंडाळली जाते आणि तिच्या जोरावर चक्रं चालतात. अनेक चांगल्या यंत्रांत तासाला २८,८०० ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ६ लाख ९१ हजार २००. एवढं करूनही स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी सूट असते. म्हणजे पाच लाखांचं ऑटोमॅटिक हजाराच्या क्वार्ट्झपेक्षा जास्त चुकतं! वेळ अचूक हवी असेल तर क्वार्ट्झ घ्या. एक छोटं यंत्र जिवंत चालताना बघायचा आनंद हवा असेल तर ऑटोमॅटिक. दोन्हीत कमीपणा नाही. पण क्वार्ट्झला दोन-तीन वर्षांनी सेल लागतो, तर ऑटोमॅटिकला पाच-सात वर्षांनी पूर्ण उघडून साफसफाई आणि तेलपाणी लागतं. घ्यायच्या आधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "याचं सर्व्हिसिंग कुठे होतं आणि आज त्याचे किती घेता?" तो गडबडला तर तुम्हीही थांबा.

दुसरं, काच. रोजच्या घड्याळाला सफायर काच हवीच. सुरतेत काठिण्य समजावून सांगायची गरज नाही, इथे घरोघरी हिऱ्याचे कारागीर आहेत. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा दहा, सफायर नऊ. साधी काच पाच-सहाच्या आसपास. आपल्या हवेतली धूळ म्हणजे बारीक वाळू, ती सातपर्यंत जाते. म्हणून साध्या काचेवर वर्षभरात रेघा उमटतात. सफायरवर सहसा उमटत नाहीत. मात्र जोराचा मार बसला तर सफायर तडकते, हेही ध्यानात ठेवा.

तिसरं, पाणी. घड्याळावर '३० मीटर' लिहिलेलं असतं म्हणून कुणी ते घालून तापीत उतरू नये. तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा आहे. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे आणि गाडीवर लागलेला हलका पाऊस, एवढंच. जुलैतला सुरतेचा पाऊस, बादलीने आंघोळ, घाम या सगळ्याचा विचार केला तर रोजच्या वापराला १०० मीटरचं घ्या, शक्य असेल तर पेच फिरवून बंद होणाऱ्या चावीचं. पाणी अडवणारं रबर कालांतराने कडक होतं, म्हणून सेल बदलताना ते तपासून घ्या.

चौथं, माप. आपली मनगटं साधारण साडेसहा-सात इंचांची. त्यावर ३६ ते ४० मिलिमीटरचं घड्याळ शोभतं. पट्टा जिथे जोडला जातो ती दोन टोकं मनगटाच्या बाहेर लोंबत असतील, तर ते घड्याळ तुमचं नाही. जाडीही बघा. बारा मिलिमीटरच्या वर गेलं की शर्टाच्या बाहीत अडकतं. दुकानात पाच मिनिटं घालून बसा, लिहून बघा, गाडीचं हँडल धरल्यासारखी मूठ वळा.

पाचवं, पट्टा. आपल्याकडे वर्षातले आठ महिने घाम. चामड्याचा पट्टा पहिल्याच पावसाळ्यात वास मारायला लागतो. स्टीलची चेन किंवा रबरी पट्टा घ्या. चामड्याचा सणासुदीला ठेवा.

आता भगिनींसाठी खास. दुकानात गेलं की तुम्हाला कोपऱ्यातली बारीक, खड्यांची घड्याळं दाखवतात. ती आवडली तर जरूर घ्या. पण ३४-३६ मिलिमीटरचं साधं, स्वच्छ आकड्यांचं घड्याळ शिक्षिकेला, परिचारिकेला, बँकेतल्या ताईला जास्त उपयोगी पडतं. आणि एक गोष्ट कुठलाही दुकानदार सांगणार नाही. सोनं मऊ असतं, स्टील कठीण. ज्या हातात पाटल्या-बांगड्या आहेत त्याच हातात स्टीलचं घड्याळ घातलं, तर झिजतं ते सोनं. घड्याळ दुसऱ्या हातात घाला. आज सोन्याचे भाव काय आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत!

आता खरेदी. घोडदोड रोडला किंवा डुमस रोडला कंपनीच्या अधिकृत दुकानात जायला आपली मुलं बिचकतात. काचेचा दरवाजा, आत एसी, आपण डिंडोलीचे! मी सांगतो, सरळ जा. दहा घड्याळं काढायला लावा आणि काही न घेता बाहेर या. तो तुमचा हक्क आहे. घेताना पक्कं बिल घ्या, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि घड्याळाचा क्रमांक आहे ना ते बघा. पाठीवरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक स्वतः वाचून जुळवा. घड्याळांवर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिल वगर' कुणी सवलत देत असेल, तर उद्या वॉरंटीही 'वगर'च असेल. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर दुकानदार एक टक्का कर आधीच गोळा करतो. त्याची काळजी निदान आज या सभागृहात कुणाला नसावी.

स्विस घड्याळ घेणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी झालेला आपला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क आता सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचं आहे. त्याचा किती फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेल ते कंपन्या ठरवतील. पण घाई करून आजच कर्ज काढायचं काही कारण नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आता 'फर्स्ट कॉपी'. तीन-चार हजारांत रोलेक्स! इथे कुणाच्या हातावर असेल तर खिशात घालू नका, मी बघणार नाही. पण विचार करा. बनावट ब्रँडचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. घेणाऱ्याचं नुकसान वेगळं असतं. आत पाणी गेलं की दुरुस्ती नाही, सोनेरी मुलामा घामाने उतरतो. सगळ्यात मोठा त्रास म्हणजे कुणी "बघू जरा" म्हणून हात धरला की छातीत धस्स होतं. त्याच चार हजारांत स्वतःच्या नावाने विकलं जाणारं प्रामाणिक भारतीय घड्याळ येतं. ते दाखवताना हात लपवावा लागत नाही.

जुन्या एचएमटीची हौस असणाऱ्यांनीही जपून. इंटरनेटवर चकचकीत रंगीत डायलची जुनी घड्याळं विकतात. संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. एका घड्याळाची केस, दुसऱ्याचं यंत्र आणि वर नव्याने रंगवलेली डायल. स्वस्तात मिळालं तर गंमत म्हणून घ्या, वारसा म्हणून नको. वारसा हवा असेल तर गावी आजोबांच्या पेटीत शोधा.

माझ्यासारख्या सरकारी नोकरांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. साध्या कर्मचाऱ्याच्या हातावर चांगलं घड्याळ दिसलं की लोकांच्या नजरा बदलतात. माझ्या टेबलापाशी एकाने हसत हसत विचारलं होतं, "साहेब, घड्याळ भारी आहे. कुणी दिलं?" 'कुठून घेतलं' असं नाही विचारलं. 'कुणी दिलं' असं विचारलं. या एका शब्दात आपल्या नोकरीची सगळी अब्रू आहे. गुजरात राज्य सेवा वर्तणूक नियम, १९७१ प्रमाणे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त किमतीची जंगम वस्तू घेतली की खात्याला कळवावं लागतं. आणि कामाशी संबंध असलेल्या माणसाकडून भेट घेणं तर दूरच. मी रिकरिंगच्या पासबुकाची नक्कल, बिल आणि खात्याला दिलेलं पत्र, तिन्ही कागद एका फाइलमध्ये ठेवले आहेत. त्या माणसाला मी सांगितलं, "तीस महिन्यांनी दिलं." त्याला कळलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून ते घड्याळ जास्त आवडायला लागलं. ब्रँड सांगत नाही, नाहीतर उद्या सगळे तेच घ्यायला जातील. स्टीलचं आहे, ३८ मिलिमीटर, १०० मीटर. चेनवर भरपूर ओरखडे आहेत.

शेवटी थोडं घालण्याबद्दल आणि काढण्याबद्दल. लेथ, ड्रिल, लूम, एम्ब्रॉयडरीचं मशीन, जिथे काही फिरतं तिथे उभं राहण्याआधी घड्याळ, अंगठी, कडं काढायचं. आमच्या वर्कशॉपचा हा पहिला नियम आहे, आणि एकही घड्याळ बोटापेक्षा महाग नाही. विसर्जनाच्या दिवशी घरी ठेवा. गुलाल चावीच्या फटीत बसतो आणि कृत्रिम तलावाच्या काठावर ढकलाढकलीत पट्ट्याची पिन तुटायला वेळ लागत नाही. ऑटोमॅटिक असेल तर मोठ्या स्पीकरवर, मोबाइलच्या चुंबकाच्या कव्हरवर ठेवू नका. घड्याळ अचानक दिवसाला मिनिटभर पुढे धावायला लागलं, तर बहुधा त्याला चुंबकत्व लागलंय. कारागिराकडे ते काही सेकंदांत उतरवायचं यंत्र असतं, हजारो रुपये देऊ नका. रात्री काढलं की मऊ कपड्याने घाम पुसा. एवढी सेवा पुरते.

मित्रांनो, आपल्या मागच्या पिढीने या शहरात दुसऱ्याच्या घड्याळावर काम केलं. आज आपली मुलं-मुली स्वतःचं घड्याळ निवडू शकतात, ही काही छोटी गोष्ट नाही. म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवतो. येत्या लग्नसराईत ज्या मुलाला घड्याळाची हौस असेल, त्याने बैठकीच्या आधी स्वतःच्या पगारातून ते घेऊन यावं. दोन हजारांचं असो की दोन लाखांचं. बैठकीत कुणी "घड्याळाचं बघा" म्हणालंच, तर मुलाने मनगट पुढे करावं आणि म्हणावं, "आहे माझ्याकडे." मामांना पुढे बोलायला काही उरणार नाही.

आणि ज्यांच्या घरी मुलगी पहिल्या नोकरीला लागली आहे, त्यांनी तिला तिच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून घड्याळ घ्यायला सांगा. कोणतं घ्यायचं ते तिला ठरवू द्या. फार तर दुकानापर्यंत सोबत जा आणि बिल नीट वाचा.

इतका वेळ शांतपणे ऐकलंत. दोन-तीन जणांनी मध्येच मनगटाकडे बघितलं, ते मी विषयाची आवड म्हणूनच धरतो.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद, जय महाराष्ट्र, जय जय गरवी गुजरात.